जनावरे मोजता, मग आजारी लेकरे का मोजत नाही?



एका तालुक्याच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे चालू होते. मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. तिची सहा वर्षांची मुलगी ब्लड कॅन्सरने नागपूरला दवाखान्यात होती. ती म्हणाली, "आमच्या गावात एक, बाजूच्या गावात एक अन् नदीपल्याडच्या गावात एक. तीन वर्षांत तीन लेकरं. भाऊ, कायनं होऊन राह्यलं हे?"

तिला दोन उत्तरे मिळाली. आपल्यातलाच एक उत्साही कार्यकर्ता माईक ओढून म्हणाला, "हे सगळं फवारणीच्या औषधांचं पाप आहे. कंपन्यांना कोर्टात खेचू." पाहुणे म्हणून आलेले एक साहेब म्हणाले, "तसा कोणताही पुरावा नाही. उगाच घबराट पसरवू नका."

मी दोघांनाही एकच विचारले. या तालुक्यात गेल्या दहा वर्षांत किती मुलांना ब्लड कॅन्सर झाला, कोणत्या गावी झाला आणि कोणत्या महिन्यात कळला? दोघेही गप्प बसले. मला तरी कुठे ठाऊक होते? ती बाई खाली बसली. तिच्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही, आणि मोजणी झाल्याशिवाय ते कधी मिळणारही नाही. म्हणून हा लेख.

सरकार काय मोजते?

आपल्या शेतात काय पेरले याची पीकपाहणी होते आणि ती सातबाऱ्यावर चढते. पीक बुडाले की नाही हे ठरवायला गाववार पैसेवारी निघते. दर पाच वर्षांनी पशुगणना होते. गाई किती, म्हशी किती, शेळ्या किती, कोंबड्या किती, सारे लिहिले जाते. विहिरी मोजतात, थकबाकी तर पैशापैशाने मोजतात. कर्जाचा हप्ता चुकला तर बँकेला आपले गाव, गट नंबर आणि बापाचे नाव बरोबर सापडते.

पण त्याच गावातल्या लेकराला रक्ताचा कर्करोग झाला तर त्याची नोंद कुठे होते? ते नागपूरला, सेवाग्रामला किंवा मुंबईला टाटामध्ये जाते. पत्ता म्हणून बरेचदा शहरातल्या मामाचा किंवा चुलत्याचा पत्ता लिहिला जातो, कारण चिठ्ठीपत्री तिथेच यायची असते. मूल जगले तर घरी येते, न जगले तर तिकडेच सारे उरकते. गावच्या दप्तरात मृत्यूची नोंद झाली तरी कारणाच्या रकान्यात "ताप" लिहून मोकळे होतात. अनेक लेकरे तर रोगाचे नाव कळण्याआधीच जातात.

देशात कर्करोगाची लोकसंख्येवर आधारलेली नोंदणी १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून चालते. २०२० साली तिचा जो अहवाल निघाला, त्याप्रमाणे अशा नोंदणीखाली देशाची जेमतेम दहा टक्के लोकसंख्या येत होती. त्यातही शहरांचा भरणा मोठा आणि खेडी थोडी. म्हणजे देशातली बहुतेक खेडी या हिशेबाच्या बाहेर आहेत. आणि ज्यांनी मोजलेच नाही, तेच छाती पुढे काढून सांगतात की पुरावा नाही! कोठाराचे दारच उघडले नाही आणि म्हणे आत धान्य नाही.

जागा आणि वेळ

मी शेतकी शिकलेला माणूस आहे. रोग आला की आम्हाला पहिल्या वर्षी काय शिकवतात? आधी शेत फिरा. तुरीवर मर आली तर ती शेतभर विखुरलेली आहे की ठिगळात आहे, हे पाहा. ठिगळात असेल तर जमिनीत काहीतरी आहे. पाणी साचते त्या कडेला असेल तर पाण्याचा संबंध पाहा. मग तारीख पाहा. सगळी झाडे एकाच आठवड्यात माना टाकत असतील तर एक गोष्ट, हळूहळू पसरत असेल तर दुसरी. गुलाबी बोंडअळीसाठी आपण कामगंध सापळा लावतो आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच फवारणीचा विचार करतो. सापळा न लावता "अळी नाही" म्हणणारा मूर्ख, आणि सापळा न पाहता पंप उचलणाराही मूर्खच.

लेकरांच्या रक्ताच्या कर्करोगाचा असाच शोध जगात साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. १९६४ साली इंग्लंडात नॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधी युक्ती काढली. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलँड आणि डरहॅम हा भाग आहे. तिथे १९५१ ते १९६० या दहा वर्षांत हा रोग झालेली ९६ लहान मुले त्याने घेतली. प्रत्येकाचे घर कुठे आणि रोग कधी सुरू झाला, एवढेच पाहिले. मग प्रत्येक मुलाची प्रत्येक मुलाशी जोडी लावली. ९६ मुलांच्या ४५६० जोड्या होतात. त्यांतल्या १५२ जोड्यांमध्ये रोग दोन महिन्यांच्या आत सुरू झाला होता. २५ जोड्यांची घरे एक किलोमीटरच्या आत होती. जागेचा आणि वेळेचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर जवळ राहणारी आणि एकाच सुमारास आजारी पडलेली जोडी एखादीच निघायला हवी होती. निघाल्या पाच. नॉक्सने त्यावरून "अमक्याने केले" असे म्हटले नाही. इथे पाहण्यासारखे काहीतरी आहे, एवढेच तो म्हणाला.

भावांनो, या साऱ्या कामाला काय लागले? दोनच गोष्टी लागल्या. गाव आणि तारीख. तेवढीसुद्धा आपल्याकडे कुणी लिहून ठेवलेली नाही.

आता थोडे आपल्या लोकांना

मूठभर ज्वारी घ्या आणि घोंगडीवर उधळा. दाणे सारख्या अंतरावर पडतात का? नाही. कुठे चार दाणे एकत्र पडतात, कुठे वीतभर जागा मोकळी राहते. त्या चार दाण्यांना कुणी मुद्दाम एकत्र ठेवलेले नसते. रोगाचेही असेच असते.

हिशेब करू. ज्या देशांत नीट नोंद होते, तिथे दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण ४० मुलांना हा रोग होतो. समजा एका गावात पंधरा वर्षांखालची ९०० मुले आहेत. त्या गावात अशी घटना पंचवीस-तीस वर्षांत एकदा व्हावी. पाच वर्षांत दोन मुले निघाली तर गाव हादरून जाणारच. पण जिल्ह्यात अशी दीड हजार गावे असतील, तर कोणतेही विशेष कारण नसतानाही वीसेक गावांत पाच वर्षांत दोन-दोन मुले निघतील. घोंगडीवरचे दाणे!

आता त्या बाईचा प्रश्न घ्या. शेजारची तीन गावे, तीन वर्षे, तीन मुले. याच दराने हिशेब केला तर जिल्ह्यात तीन-तीन गावांचे पाचशे गट पाडता येतील, आणि त्यांतल्या दोनेक गटांत निव्वळ योगायोगाने असे घडू शकते. म्हणजे फवारणीवर बोट ठेवायला हे पुरेसे नाही. पण चौथे मूल निघाले तर योगायोगाचे बोलणे फार पातळ होते. आणि आपल्या भागातला खरा दर ४० पेक्षा कमी असेल तर तीन मुलेही जास्तच झाली. म्हणून साहेबांचे "काही नाही" हेही तितकेच पोकळ आहे.

आधी भिंतीवर गोळी मारायची आणि मग तिच्याभोवती वर्तुळ काढून नेम बसला म्हणायचे, हा धंदा आपण करायचा नाही. एक दिवस कंपनीचा वकील उभा राहील, घोंगडीवरच्या ज्वारीचा हा हिशेब न्यायाधीशापुढे मांडेल आणि आपला खरा खटलाही खोट्यासारखा दिसेल. तोंडाळपणाने कंपनीचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते त्या बाईचे.

दोन गावांची गोष्ट

पहिले गाव इंग्लंडातले सीस्केल. समुद्रकाठी, हजार-दोन हजार वस्तीचे. शेजारी सेलाफिल्डचा अणुइंधनाचा कारखाना. १९८३ साली तिथल्या दूरदर्शनच्या पत्रकारांनी दाखवले की या गावात मुलांचा रक्ताचा कर्करोग अपेक्षेच्या कितीतरी पट आहे. सरकारने चौकशी नेमली. १९८४ साली तिचा अहवाल आला. संख्या जास्त आहे हे खरे, पण कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या किरणोत्साराचा हिशेब केला तर एवढा रोग होऊ नये, असे त्यात म्हटले होते. १९९० साली गार्डनर यांनी मांडले की बापाला कारखान्यात किरणोत्साराची मात्रा मिळाली म्हणून मुलांना रोग होत असावा. कुटुंबे कोर्टात गेली. १९९३ साली दावा फेटाळला गेला, आणि पुढच्या अभ्यासांनीही त्या म्हणण्याला आधार दिला नाही.

दरम्यान १९८८ साली किन्लेन या शास्त्रज्ञाने वेगळेच सांगितले होते. आडबाजूच्या गावात एकदम बाहेरची खूप माणसे येऊन राहिली की एखादा साधा संसर्ग पसरतो, आणि क्वचित एखाद्या मुलात त्यातून हा रोग उद्भवतो. जिथे अणूचा कारखाना नव्हता अशा नव्या वसाहतींतही त्याला अशी वाढ दिसली. सीस्केलचा गुंता पुरता सुटला असे आजही म्हणता येत नाही. धडा काय? पत्रकारांची मोजणी खरी होती. ज्याच्याकडे सगळ्यांनी बोट दाखवले, त्याच्यावर मात्र गुन्हा शाबीत झाला नाही.

दुसरे गाव अमेरिकेतले. बोस्टनजवळचे वोबर्न. १९६४ आणि १९६७ साली तिथे पाणीपुरवठ्यासाठी दोन नव्या विहिरी खोदल्या. पाण्याला वास येतो म्हणून लोक तक्रार करत. अधिकारी म्हणत, पाणी चांगले आहे. एका आईचा मुलगा १९७२ साली या रोगाने आजारी पडला. दवाखान्यात जाता-येता तिला आपल्याच भागातल्या आया भेटू लागल्या. तिने विचारले, हे पाण्याने तर नाही ना? तिला वेड्यात काढले. १९७९ साली विहिरींच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन सापडले. यंत्रांचे भाग धुण्याचे ते द्रावण. विहिरी बंद झाल्या. मग त्या आईने आणि गावच्या पाद्र्याने आजारी मुलांची यादी केली आणि नकाशावर खुणा केल्या.

१९८१ साली सरकारी अहवाल आला. १९६९ ते १९७९ मध्ये पाचेक मुले अपेक्षित असताना १२ निघाली होती, पण पाण्याशी संबंध सिद्ध होत नाही असे त्यात म्हटले होते. लोक थांबले नाहीत. हार्वर्ड विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आले. सुमारे तीनशे स्वयंसेवकांनी घरोघरी फोन करून माहिती गोळा केली. कोणत्या घराला कोणत्या साली त्या विहिरींचे किती पाणी गेले, याचा हिशेब लावला. १९८४ साली त्यांनी संबंध दिसतो असे सांगितले. त्यांच्यावर टीकाही झाली. १९८६ साली खटला चालला, ज्युरीने एका कंपनीला पाणी दूषित केल्याबद्दल जबाबदार धरले आणि तिने ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढे १९९७ साली खुद्द सरकारी आरोग्य खात्याच्या अभ्यासानेच म्हटले की ज्या आया गरोदरपणी त्या विहिरींचे पाणी प्यायल्या, त्यांच्या मुलांत हा रोग जास्त दिसतो. त्या आईचे म्हणणे सरकारच्या कागदावर यायला पंचवीस वर्षे लागली.

सीस्केलमध्ये संशयित सुटला, वोबर्नमध्ये सापडला. दोन्हीकडे सुरुवात सरकारने केली नाही. आणि दोन्हीकडे यादी झाली नसती तर एक इंचही पुढे जाता आले नसते.

फवारणीचे काय?

तुम्ही विचाराल, मग औषधे निर्दोष का? अजिबात नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही हातमोजे न घालणाऱ्या मजुराचाच दोष काढणारे निघाले. दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला!

पण ते मृत्यू दिसले, कारण आज फवारले आणि दोन दिवसांत माणूस पडला. रक्ताच्या कर्करोगाचे तसे नाही. अनेक मुलांत पहिला बिघाड आईच्या पोटात असतानाच होतो, हे जन्मानंतर टाचेतून घेऊन जपलेल्या रक्ताच्या थेंबांवरून १९९० च्या दशकात ग्रीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. अशा बहुतेक मुलांना पुढे रोग होतच नाही. काही थोड्यांत नंतर दुसरा बिघाड होतो आणि दोन ते पाच वर्षांच्या वयात रोग वर येतो. पहिला घाव एका गावी आणि रोग दुसऱ्या गावी, असेही होऊ शकते.

२००९ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. गरोदरपणी कामाच्या ठिकाणी कीटकनाशकांशी संबंध आलेल्या आयांच्या मुलांत हा रोग सुमारे दुप्पट आढळला. हे बहुतेक अभ्यास अमेरिका-युरोपातले. आपली बाई गरोदरपणी फवारलेल्या पऱ्हाटीत निंदायला जाते, फवाऱ्याचे पाणी डोक्यावर वाहते, नवऱ्याचे औषधाने भिजलेले कपडे हाताने धुते, आणि शेवटच्या महिन्यापर्यंत कापूस वेचते. तिचा अभ्यास कुणी केला? संशयाला जागा आहे. म्हणूनच मोजणी हवी, आणि ती करताना आजचा पत्ता पुरत नाही. पोटात लेकरू असताना आई कोणत्या गावी होती, कोणते पाणी पीत होती, कोणत्या शेतात होती हे लिहावे लागेल. ऊसतोडीला गेलेल्या घरांत तर हे फारच महत्त्वाचे.

"खेड्यात हे जमत नाही"

हे साहेबांचे शेवटचे हत्यार. माणसे नाहीत, पैसा नाही, खेडूत नीट सांगत नाहीत. याला उत्तर द्यायला परदेशी जायला नको, बार्शीला जा. १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यांसाठीची देशातली ती पहिली. भाग तुमच्या-आमच्यासारखाच, ज्वारीचा आणि कोरडवाहू. तिथे दवाखान्यात रोगी येण्याची वाट पाहिली नाही. कार्यकर्ते गावोगाव गेले, माणसांशी बोलले, लक्षणे समजावली, संशयितांना तपासणीला आणले. परिणाम काय? मोजणी तर झालीच, शिवाय बायांचे गर्भाशयमुखाचे कर्करोग आधीच्यापेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागले. मोजायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने जात नाही, तो रोगाची ओळख घेऊन जातो.

१९८७ साली बार्शीला जे जमले ते आज, खिशाखिशात फोन असताना, आपल्या जिल्ह्याला जमत नाही? पिकाचा फोटो काढून पाठवायला लावणाऱ्या सरकारला दवाखान्याच्या कागदावर गावाचे नाव लिहायला जमत नाही? जमत नाही असे नाही, नको आहे. मोजले की उत्तर द्यावे लागते.

आणखी एक. हा रोग झाला म्हणजे सारे संपले, ही समजूत सोडा. प्रगत देशांत या रोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारातली दहातली नऊ मुले आज बरी होतात. आपल्याकडची अनेक लेकरे रोगाने जातात त्याहून उशिराने आणि अर्धवट सोडलेल्या उपचाराने जातात. आठवडे न हटणारा ताप, चेहऱ्यावर पांढुरकेपणा, अंगावर विनाकारण काळे-निळे डाग, हिरड्यांतून रक्त, हाडांचे दुखणे, मानेत-काखेत गाठी, असे दिसले की अंगारा नको आणि सलाईनही नको. रक्ताची पूर्ण तपासणी आणि काचपट्टीवर पेशी पाहणे, एवढे आधी करा.

जिल्हा बैठकीपुढे ठेवायचा ठराव

१. पंधरा वर्षांखालील प्रत्येक रक्तकर्करोगी मुलाची नोंद जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे गाव, रोग कळल्याचा महिना आणि आईचे गरोदरपणीचे गाव यांसह झाली पाहिजे. मूल उपचाराला कोणत्याही शहरात गेले तरी नोंद जिल्ह्याकडे परत आली पाहिजे.

२. बार्शीच्या धर्तीवर कोरडवाहू जिल्ह्यांत कर्करोग नोंदणी सुरू करावी, आणि गटवार आकडे दर वर्षी जाहीर करावेत. मुलांची नावे जाहीर होता कामा नयेत.

३. जिथे आकडा अपेक्षेबाहेर जाईल तिथे विहिरी-बोअरचे पाणी, फवारणीची औषधे आणि बाहेरून आलेल्या वस्तीचा इतिहास, या तिन्हींची तपासणी व्हावी. आधी एक कारण ठरवून नव्हे.

४. अंगणवाड्या आणि शाळांत मुले तपासायला येणाऱ्या सरकारी पथकांनी वरची लक्षणे पाहावीत आणि संशयित मुलांना त्याच आठवड्यात तपासणीला पाठवावे.

५. गरोदर बायांना फवारलेल्या शेतात कामाला न लावणे आणि त्यांची मजुरी न बुडवणे, हे आपण आपल्या शेतापासून सुरू करू. यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही.

ठराव मंजूर झाला की घरी जाऊन झोपायचे नाही. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने एक वही घालावी. गेल्या दहा वर्षांत गावातल्या कोणत्या लेकराला हा रोग झाला, कधी कळला, आई तेव्हा कुठे होती, हे आईबापाच्या संमतीने आणि दवाखान्याचा कागद पाहून लिहावे. ऐकीव लिहू नये. मुलीचे नाव चारचौघांत घेऊ नये, उद्या तिचे लग्न व्हायचे आहे. एकही मूल नसेल तर "एकही नाही" असे लिहावे. तो आकडाही तितकाच मोलाचा आहे, कारण कोऱ्या पानावरून काहीच कळत नाही.

त्या बाईची मुलगी अजून उपचार घेते आहे. तिच्या तीन गावांची वही सुरू झाली आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने आपल्या गावची वही घेऊन यावे. भाषणे त्यानंतर करू.